समोरचा पाळणा

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९९

प्रिय समिधा,

परवा फोनवर तू एवढा मोठा प्रश्न विचारलास आणि मी काय म्हणाले, तर खाली पाण्याचा टँकर आलाय, ठेवते. टँकर आला होता हे खरं. पण आपल्या विंगचा नंबर लागायला अवकाश होता, मला बोलता आलं असतं. खरी गोष्ट अशी की तुझे बाबा हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते आणि त्यांचे कान माझ्याकडे होते. शिवाय मला लगेच उत्तर देता येत नाही, हे तुला इतक्या वर्षांत कळलं असेलच. मला आधी कणीक मळायला घ्यावी लागते, मग सुचतं. आज सकाळच्या पोळ्या झाल्या, बाबा ऑफिसला गेले, आणि आता बसलेय लिहायला.

तुझा प्रश्न पुन्हा लिहिते, म्हणजे मला चुकवता येणार नाही. तू विचारलंस, "मावशी, बाबांशी लग्न केल्याचा तुला कधी पश्चात्ताप झाला का? खरं सांग. मला रविवारच्या आत हवंय." रविवारी तुझ्याबरोबर पराग इकडे येतोय, त्याच्या सहा वर्षांच्या इशिताला घेऊन. तुला त्याला हो किंवा नाही म्हणायचंय. माणूस चांगला आहे, तुझ्याच ऑफिसातला आहे, तुला आवडतो, हे सगळं तू आधीच सांगितलंस. अडतंय ते त्या पोरीपाशी. तिची आई गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि तू म्हणालीस, "मी कशी होते तुझ्याशी, ते मला आठवतं. तसंच कुणी माझ्याशी वागलं तर मला झेपेल का?"

बाबांचं म्हणशील तर त्यांनी तोंड फुगवलंय. "माझी मुलगी पहिलेपणाची, तिनं बिजवराच्या घरात का जायचं?" असं म्हणाले. मी मेथी निवडत होते. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही कोण होता?" तर उठून गॅलरीत गेले आणि तुळशीला पाणी घालायला लागले. सकाळी एकदा घातलं होतं, तरी. तेव्हापासून आमचं बोलणं आमटीत मीठ आहे की नाही एवढ्यापुरतंच चाललंय. तू त्यांची काळजी करू नकोस. त्यांना राग तुझा नाही, त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवलेत.

आता एक बातमी. आपला हिंदोळा पार्क बंद झाला. गेल्या महिन्यातच. तुला कळवायचं होतं, पण फोनवर हे सांगायला जमेना. हंसाबेनचा निरोप आला, की शेठच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली, पाळणे उतरवतायत, बघायचं असेल तर येऊन जा. तिकिटाच्या खिडकीत इतकी वर्षं बसून हंसाबेनला पार्कचा कुणी परका वाटत नाही, आणि मी तर तिथं वडे तळलेत. मग काल एकटीच गेले. बाबांना सांगितलं केबिन रोडला ब्लाउज टाकायला जातेय.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा हिंदोळा नवाच होता, पण तो कसा झाला हे तुला कदाचित माहीत नसेल. उत्तनच्या रस्त्याला शेठची मिठागरं होती. त्यातला एक तुकडा उंचवट्यावर, तिथं भरतीचं पाणी चढायचं नाही, म्हणून मीठही पिकायचं नाही. शेठ एकदा कुठल्याशा जत्रेत गेले, तिथं एक पाळणेवाला धंदा मोडून गावी निघाला होता. त्याच्याकडून त्यांनी आकाशपाळणा घेतला, आणि पाळण्याबरोबर तो चालवणारे दाजीही आले. जत्रेतला पाळणा म्हणजे आज इथं उद्या तिथं, त्याला एका जागी राहायची सवय नव्हती, असं दाजी म्हणायचे. उद्घाटनाला शेठच्या म्हाताऱ्या आईला पहिल्या पाळण्यात बसवलं. ती उतरायलाच तयार होईना. सगळी पाहुणे मंडळी ताटकळली आणि माझे वडे गार झाले.

हळूहळू एकेक भर पडली. छोटी आगगाडी आली, लाकडी घोड्यांची चक्री आली, एकमेकांना ठोकायच्या गाड्या आल्या. शेठनी मधोमध कारंजं बांधलं, पण तिथलं पाणी असं खारट की नळ्या चोंदायच्या आणि कारंजं बिचारं महिन्यातून आठवडाभर उडायचं. सगळ्या लोखंडाला गंज चढायचा. पावसाळा संपला की आम्ही सगळे, अगदी हंसाबेनसुद्धा, हातात ब्रश घेऊन रंग लावायचो. भूतबंगल्यात मुर्धा गावचा शिवा भूत व्हायचा. पोरं घाबरून रडायला लागली की त्यालाच कसंतरी व्हायचं, आणि अंधारातून आवाज यायचा, "रडू नको रं, मी हाय, शिवा. मी काय भूत न्हाय." शेठ त्याच्यावर ओरडायचे की अशानं धंदा बसेल. उलट लहान मुलांच्या आया म्हणायच्या, या भूतबंगल्यात पोराला न्यायला हरकत नाही. वाकड्यातिकड्या आरशांचं घर तर तुझं आवडतं. त्यात बाबा सुरईसारखे दिसायचे आणि तू हसून खाली बसायचीस.

पण मला सांगायचंय ते आकाशपाळण्याचं. पाळणा जुना, मोटर त्याहून जुनी. एका बाजूला माणसं आणि दुसरी बाजू रिकामी असली की चाक झटके द्यायचं. शनिवार-रविवारी प्रश्न नव्हता. मधल्या वारी मात्र एखादंच कुटुंब यायचं. दाजी सुरुवातीला समोरच्या पाळण्यात वाळूची पोती ठेवायचे. पण गिऱ्हाइकांना ते बघून धडकी भरायची. एका बाईंनी शेठना विचारलं, पोतं चालतं म्हणजे आम्हीही तुमच्या लेखी पोतीच का? मग शेठनी फर्मान काढलं, पोती बंद, समोर आपलीच माणसं बसवा. झालं. दाजी चाकापाशी उभे राहून हाक मारायचे, "ए, भरतीला कोण येतंय?" की ज्याच्या हाताला काम नसेल त्यानं पळत जाऊन बसायचं. शिवा भुताच्या काळ्या कपड्यांतच जायचा. आणि मी. माझा बांधा तेव्हाही असा भरलेला, त्यामुळे मी गेले की एका खेपेत काम व्हायचं. एकोणतीस वर्षांची होते, लग्न राहून गेलेलं, भावंडांची झालेली. महाडकडच्या आमच्या घरात माझा विषय कुणी काढायचं नाही. कढईखालची आच कमी करायची, पदराला हात पुसायचे आणि परक्या कुटुंबाच्या समोर जाऊन बसायचं. ते वर गेले की मी खाली, मी वर गेले की ते खाली. फक्त मधे एकदा दोन्ही पाळणे एका उंचीला यायचे, तेवढ्यापुरती समोरची माणसं आऱ्यांतून दिसायची. मग पुन्हा आपलं आपलं. उतरल्यावर कुणी ओळख दाखवायचं नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, ते तसंच असतं.

तू आलीस ती अशाच एका मधल्या वारी. बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, त्याही वेगवेगळ्या उंचीवर, कारण घातल्या होत्या बाबांनी. तुम्ही दोघं एका पाळण्यात समोरासमोर बसलात. त्याच वेळी एक बाई एकट्याच आल्या होत्या. दाजी त्यांना तुझ्या शेजारी बसवायला लागले, तर तू पाण्याची बाटली शेजारच्या जागेवर ठेवलीस आणि म्हणालीस, "इथं कुणीतरी आहे." मी समोरच्या पाळण्यात चढत होते, मी ऐकलं. बाबांनी मान खाली घातली. दाजी त्या बाईंना माझ्याकडे घेऊन आले. मला तेव्हा तुमचं काही माहीत नव्हतं, पण जे कळायचं ते कळलं.

आणि त्याच फेरीत लाईट गेली. नेमके आपले दोन्ही पाळणे एका उंचीला. दाजी हातानं चाक फिरवायला दांडा शोधत होते, तो शिवा घरी घेऊन गेला होता. तू अजिबात घाबरली नव्हतीस. बाबा डोळे मिटून सळई धरून बसले होते. तू ओरडून म्हणालीस, "बाबांना गरगरतंय." मी इकडून ओरडले, "त्यांना म्हणावं, खाली बघू नका, समोर बघा." बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यावरून मी त्यांना अजून चिडवते, की मी फक्त पाळणा खाली येईपर्यंत सांगितलं होतं. तुला मी मिठागरं दाखवली, मिठाचे ढीग दाखवले, खाडीवरचा पूल दाखवला. तू विचारलंस, पाऊस आला की त्या ढिगांचं काय होतं. मी म्हटलं, त्यावर गवत शाकारतात. तू म्हणालीस, "आणि नाही शाकारलं तर?" मी म्हटलं, "मग वाहून जातं, पुन्हा पिकवायचं."  शिवा दांडा घेऊन आला आणि आपण खाली आलो.

त्यानंतर तुम्ही वरचेवर यायला लागलात. दर वेळी दाजींची हाक यायची, "सुगंधा, भरतीला ये." पुढं रविवारीसुद्धा हाक यायला लागली, गर्दी असूनही. मी एकदा विचारलं, तर दाजी म्हणाले, गर्दीत वजनाचा अंदाज येत नाही. मी बसले. चाक त्यांचं, त्यांना माहीत. खाली उतरल्यावर बाबा वडा घ्यायला यायचे आणि चटणीची तारीफ करायचे. चटणी रोज उरायची इतकी तिखट होती, हे तुलाही माहीत आहे. पुढचं तू पाहिलंसच. हंसाबेन मधे पडल्या, महाडला निरोप गेला, आणि वर्षभरात मी केबिन रोडच्या त्या दोन खोल्यांत आले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पश्चात्ताप हा शब्द मी तेव्हा वापरला नसता, पण रडले मी खूप. तू वाईट वागली नाहीस, समिधा. तू कधी उलट बोलली नाहीस, काही फेकलं नाहीस. तुझा डबा मात्र भरलेला परत यायचा. पहिल्या दिवाळीला मी उटणं लावायला घेतलं तर तू शांतपणे म्हणालीस, "आई आधी तेल लावायची." मी हात धुऊन तेल घेतलं. तू मला मावशी म्हणालीस, आणि तेही मला पुरलं असतं. पण तू ती हाक कुणी बाहेरचं असलं की गिळायचीस. जेवायला बसताना तिघांची तीन पानं मांडली, की मला उगाच वाटायचं चौथं मांडायचं राहिलंय. तुझ्या आईची जागा रिकामी राहिली की घर झटके देतं, म्हणून मला आणून बसवलंय. हे घर चालावं एवढ्यासाठी मी आहे. माझ्या जागी दुसरी कुणी चालली असती. हे मी हंसाबेनला एकदा बोलून दाखवलं. लग्नानंतरही दोन वर्षं मी पार्कात जात होते ना, तेव्हा. त्या म्हणाल्या, "अरे पगली, भरती नहीं बैठती तो चक्का घूमता क्या?" त्यांनी समजूत घातली, पण मला त्यातला भरती हा शब्दच लागला. तो मनात घट्ट बसला तो बसलाच. तू पुढं बदललीस. दहावीला माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाठांतर केलंस, पुण्याला जाताना स्टेशनवर माझा पदर सोडेनास. मला सगळं कळत होतं, आनंदही होता. पण आत कुठंतरी एक सल होता, की हे सवयीनं झालंय. माणसाला कशाचीही सवय होते. मला कुणी मागितलं नव्हतं. तू तर नाहीच.

म्हणून परवा फोनवर मी टँकरचं निमित्त केलं. "नाही, कधीच नाही" म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि "हो" तर त्याहून खोटं.

तर काल मी गेले. भूतबंगल्याचं छप्पर काढलंय. आरसे भिंतीला टेकवून ठेवलेत, त्यात आभाळ वाकडं दिसत होतं. कारंजं, तुला गंमत वाटेल, चालू होतं. कुणीतरी बंद करायला विसरलं असणार. दाजी चाकापाशी होते. आता पाठीत वाकलेत, पण नट सोडवायला दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. एक पाळणा उतरवला की लगेच त्याच्या समोरचा उतरवायचा, मग त्याच्या शेजारचा नाही, तर भलतीकडचा आणि त्याच्या समोरचा. जसे बसवले तसेच जोडीनं काढायचे, नाहीतर चाक एका बाजूला ओढतं. मी त्यांना चहा दिला, थर्मासमधून नेला होता. त्यांनी तुझी चौकशी केली. मी परागचं सांगितलं, इशिताचं सांगितलं. सांगता सांगता तेच निघालं तोंडून, की आपली पोर आता भरतीला बसणार, माझ्यासारखी.

दाजी चहा प्यायचे थांबले. म्हणाले, "तिच्यासमोर तू भरतीला बसलीस ती एकदाच, लाईट गेली त्या दिवशी. पुढं मी तुला कधी भरतीला बोलावली नाही." मी म्हटलं, दर वेळी तर हाक मारायचात. तर म्हणाले, "मी नव्हतो मारत, ती मारायला लावायची. बापाला तिकिटाच्या रांगेत उभा करून माझ्याकडे पळत यायची. वडे तळणारी ताई समोर पाहिजे म्हणायची. रविवारी चाक भरलेलं असायचं. तरी एकदोनदा बसलेलं गिऱ्हाईक उतरवलंय मी तुझ्यासाठी. बोलणी खाल्लीत. आणि ताईला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं. आता चाकच उतरतंय, शपथ कुणासाठी ठेवू?"

मी उतरवलेल्या एका पाळण्यात बसले, जमिनीवरच. दाजी त्यांच्या कामाला लागले. मला रडू आलं आणि हसूही आलं, कारण मला तुझ्या त्या वाकड्या वेण्या दिसत होत्या, दाजींच्या कमरेपर्यंत येणाऱ्या. बाबांनी मला पाहिलं ते तू दाखवलंस म्हणून. घरात आल्यावर तू माझ्याकडे पाठ फिरवलीस ती का, तेही मला तिथं बसल्यावर समजलं. तू मला समोर बोलावलं होतंस आणि आम्ही मोठ्यांनी मला तुझ्या शेजारी आणून बसवलं, जिथं बाटली ठेवलेली होती. त्यात तुझी काही चूक नाही. आमचीही नाही, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण दहा वर्षं मी जे मनात धरून बसले होते ते खरं नव्हतं, पोरी. मला मागितलं होतं. तू मागितलं होतंस. एवढं एक कळलं आणि कालपासून मी घरात वेड्यासारखी गाणी म्हणत फिरतेय, बाबांना वाटतंय मी त्यांना खिजवतेय.

म्हणून हे पत्र. तुझं उत्तर असं: पश्चात्ताप नाही, आणि आता हे मी खात्रीनं सांगू शकते. पण माझ्या उत्तरावर तू हो म्हणू नकोस. परागकडे बघूनही हो म्हणू नकोस, आणि बाबांच्या तोंडाकडे बघून 'नाही' तर म्हणूच नकोस. आकाशपाळण्याचे शेवटचे दोन पाळणे अजून वर आहेत, समोरासमोरचे. दाजींना मी शब्द टाकलाय, ते रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावणार नाहीत, मोटरही जोडून ठेवतील. इशिताला घेऊन आपण सगळे तिथं जाऊ. एका पाळण्यात ती आणि तिचे बाबा बसतील. तिच्या शेजारची जागा रिकामी राहू दे, तिथं तू बसायला जाऊ नकोस, आत्ताही नाही आणि नंतरही नाही, ती जागा तिच्या आईची आहे. समोर मात्र कुणीतरी बसवावंच लागेल, चाक त्याशिवाय फिरायचं नाही. कुणाला बसवायचं ते दाजी तिला विचारतील. शिवाही तिथं असणार आहे, तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं तर हसून सोडून देऊ आणि वडे खाऊन घरी येऊ. तिनं तुझ्याकडे बोट दाखवलं, तर मग पुढचं मला विचारू नकोस, पदराला हात पुस आणि जाऊन बस. मी खाली दाजींच्या शेजारी उभी असेन, बाबांचा हात धरून, कारण वर बघूनही त्यांना गरगरतं.

तुझीच,
वडे तळणारी ताई